मेंढीच्या पोटात जंत किती मावतात?

मेंढीच्या पोटात जंत वाढले, असं आपण सहज बोलून जातो. बोलण्यापुरतं ते ठीक आहे. पण शेळ्या-मेंढ्यांना सर्वांत जास्त छळणाऱ्या रक्तपित्या जंताच्या बाबतीत ते शब्दशः धरलं तर फसगत होते. हिमाँकस कंटॉर्टस हे त्याचं शास्त्रीय नाव. मुक्काम मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे जठरात. तिथे त्याची मादी अंडी घालते, पण त्या अंड्यांतून तिथल्या तिथे काहीच तयार होत नाही. अंडी लेंड्यांबरोबर बाहेर पडतात, जमिनीवर उबतात, आणि त्यातली अळी पुन्हा कुठल्या तरी मेंढीच्या तोंडात गेली तरच तिचा जंत होतो. एखाद्या मेंढीच्या जठरात हजार जंत सापडले, तर ते हजारच्या हजार गवतावरून एकेक करून आत शिरलेले असतात.

हे लक्षात घेतलं की एक कोडं उभं राहतं. पावसाळ्यात ओल्या कुरणावर चरणारी मेंढी रोज शेकड्यांनी अळ्या गिळते, कधी हजारांनी. हे महिनोन्‌महिने चालतं. साधी बेरीज केली तर दिवाळीपर्यंत तिच्या पोटात लाखांनी जंत व्हायला हवेत आणि कळपातली एकही मेंढी जगायला नको. तसं होत नाही. बहुतेक मेंढ्यांच्या पोटातला आकडा काही शेकडे ते काही हजार यांच्या आसपास थांबतो, मग हळूहळू उतरतोही. औषधाचा थेंब न पाजता. हा लगाम कोण घालतं, याचा शोध गेली शंभरेक वर्षं चालू आहे.

सूक्ष्म जंतूंचा मामला वेगळा असतो. उंट-घोड्यांना होणाऱ्या सर्रा रोगाचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान इथे जनावरांच्या रक्तात पाहिला. तो रक्तातच एकाचे दोन, दोनाचे चार होतो. शरीर त्याच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, बहुतेक जंतू मरतात, पण आवरण बदललेले थोडे वाचतात आणि पुन्हा फोफावतात. म्हणून ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. मेंढीच्या जंताला ही सोय नाही. त्याची संख्या ठरते ती चारच गोष्टींवर: किती अळ्या आत आल्या, त्यातल्या किती टिकल्या, टिकलेले किती दिवस जगले, आणि माद्यांनी किती अंडी घातली. मेंढीचं शरीर या चारही ठिकाणी हात घालतं, पण सगळीकडे सारख्या जोराने नाही.

आधी हा जंत नीट पाहू. मेलेल्या मेंढीचं जठर उघडून पाण्याखाली धरलं तर आतल्या गुलाबी अस्तराला चिकटलेले, दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे बारीक दोरे वळवळताना दिसतात. मादी ओळखायला भिंग लागत नाही. रक्ताने भरलेलं तांबडं आतडं आणि त्याभोवती गुंडाळलेले पांढरे अंडाशय, असा तांबडा-पांढरा पीळ तिच्या अंगभर असतो. नर आखूड आणि एकसारखा तांबूस. तोंडाशी एक सूक्ष्म दाभण असतं, त्याने अस्तर टोचून रक्त काढायचं. एका जंतामागे मेंढीचं दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त जातं. काही रक्त जंत पितो, काही जखमेतून पोटातच झिरपतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पाच हजार जंतांनी गुणलं की रोजचे २५० मिलिलिटर होतात. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आतबाहेर. पापणी पांढरी पडणं, जबड्याखाली पाणी साठून सूज लोंबणं आणि एके सकाळी वाड्यात धडधाकट दिसणारं कोकरू मेलेलं आढळणं, ही सगळी याच हिशेबाची फळं. या जंताने हगवण लागतेच असं नाही, त्यामुळे तो लवकर लक्षातही येत नाही.

मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. पाचशे माद्या म्हणजे रोजची निदान पंचवीस लाख. उबदार, ओल्या हवेत आठवड्याभरात अंड्यातून बाहेर पडून, दोनदा कात टाकून अळी तिसऱ्या अवस्थेला पोचते. पहिल्या दोन अवस्था लेंडीतले जीवाणू खाऊन जगतात. तिसरी मात्र काहीच खात नाही, कारण जुनी कात ती अंगावरच ठेवते आणि तोंड बंद असतं. अंगात साठवलेल्या चरबीवर जगायचं, दवाच्या पातळ थरातून पोहत गवताच्या पात्यावर चढायचं आणि वाट पाहायची, एवढंच तिचं काम. ऊन तापलं की ती जास्त हालचाल करते, चरबी लवकर जळते आणि काही आठवड्यांत ती संपते. कोटीपोटात, म्हणजे पहिल्या पोटात, पोचली तरच ती कात गळून पडते, मग जठरात शिरून आणखी वाढ, आणि तोंडात गेल्यापासून साधारण तीन आठवड्यांत नवी मादी अंड्यांवर येते. मादीच्या अख्ख्या आयुष्यातल्या लाखो अंड्यांपैकी सरासरी दोनच अंड्यांचे जंत झाले, एक नर आणि एक मादी, तरी जंतांची एकूण संख्या कायम राहते. यापेक्षा जास्त होऊ लागले की कुठे तरी अडवणूक व्हावीच लागते.

सगळ्यात मोठी अडवणूक दारातच होते. कोवळ्या, पहिल्यांदाच चरायला निघालेल्या कोकराने गिळलेल्या अळ्यांपैकी बराच मोठा भाग जठरात घर करतो. तेच कोकरू काही महिने सतत अळ्या गिळत राहिलं की नव्या अळ्यांपैकी जवळपास एकही टिकत नाही. ऑस्ट्रेलियात बार्गर आणि ले जांब्र यांनी १९८०च्या दशकात मेंढ्यांना रोज ठरावीक अळ्या पाजून हे मोजलं. जुने जंत मरत राहतात आणि नव्यांना जागा मिळत नाही, म्हणून आकडा उतरतो. अळी आत येताच जठराच्या अस्तरातल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामाइन सोडतात, चिकट बुळबुळीत थर दाट होतो, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळीला घेरतात आणि अस्तरात जागा मिळण्याआधीच ती पुढे ढकलली जाते. दारावर पहारा बसायला मात्र वेळ लागतो. चार-सहा महिन्यांच्या आतल्या कोकराचा पहारा कच्चा असतो, आणि पहिल्या पावसाळ्यात मरतात ती बहुतेक हीच.

आत शिरलेल्यांनाही बाहेर काढता येतं, हे सगळ्यात आधी स्पष्ट लिहून ठेवलं नॉर्मन स्टॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९२९ साली. त्याने छोट्या कुरणावर सोडलेल्या कोकरांच्या लेंड्यांमधली अंडी नियमित मोजली. आकडा चढत गेला, चढत गेला, आणि अचानक जवळपास शून्यावर आला. नंतर मुद्दाम अळ्या पाजूनही तो फारसा वर गेला नाही. स्टॉलने याला आपोआप बरं होणं म्हटलं. पुढे ऑस्ट्रेलियात स्टुअर्ट यांनी दाखवलं की ही हकालपट्टी नव्या अळ्यांच्या मोठ्या लोंढ्यामुळे सुरू होते. लोंढा आला की जठराची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया उसळते, अस्तर सुजतं, रक्तातलं हिस्टामाइन वाढतं आणि आधीपासून बसलेले मोठे जंत बाहेर फेकले जातात. गंमत अशी की ज्या नव्या अळ्यांमुळे हे घडतं त्यातल्या काही मात्र मागे राहू शकतात. केनियात पुढे असंही आढळलं की पाऊस पडून नवं गवत आलं की कधी कधी नव्या अळ्या फारशा आत गेलेल्या नसतानाही कळपच्या कळपाची अंडी एकदम घटतात. म्हणजे सगळंच श्रेय रोगप्रतिकारशक्तीला देऊन चालत नाही, चाऱ्यातल्या बदलाचाही वाटा असावा.

तिसरी अडवणूक जास्त बारीक आहे, आणि माझ्या मते सगळ्यात लक्षवेधी. ब्रिटनमध्ये वेब्रिज इथल्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत मिशेल यांनी १९६०च्या दशकात वासरांना ऑस्टरटेजिया नावाच्या, याच कुळातल्या जंताच्या अळ्या रोज पाजल्या. कुणाला थोड्या, कुणाला भरपूर. जास्त अळ्या पाजलेल्या वासरांच्या पोटात जंत जास्त होते, पण शेणातली अंडी जवळपास तेवढीच! जंत वाढले तसं दर मादीमागे अंडं घालणं कमी झालं. गर्दीत जंत खुजे राहतात, आणि खुज्या मादीच्या पोटात अंडी कमी. याच्या मागे मेंढीचा हात किती हेही नंतर कळलं. ग्लासगो विद्यापीठात मायकेल स्टिअर यांच्या गटाने स्कॉटलंडमधल्या कोकरांच्या जठरातले, याच कुळातले टेलाडॉर्सेजिया जंत एकेक करून मोजले, पट्टीवर त्यांची लांबी घेतली आणि ती प्रतिपिंडांशी ताडून पाहिली. ज्या कोकरांच्या जठरात जंतांविरुद्धचं आयजीए हे प्रतिपिंड जास्त, त्यांचे जंत आखूड. जंत मेला नाही, पण त्याची वाढ खुंटली आणि पुढची पिढी आटली. शेणातल्या अंड्यांवरून पोटातले जंत नेमके किती हे सांगता येत नाही, त्याचं हे एक कारण आहे.

चौथ्या प्रकाराने मात्र जंतच आपला हात आखडता घेतो. जठराच्या ग्रंथीत शिरलेली चौथ्या अवस्थेतली अळी कधी कधी तिथेच थबकते. वाढ नाही, रक्त पिणं नाही, अंडी तर दूरच. बाहेर थंडी किंवा कोरडा उन्हाळा असताना अंडी घालून उपयोग नसतो, ती कुरणावर वाळूनच जाणार. म्हणून अळी अनुकूल हंगामाची वाट पाहते. आत मोठ्या जंतांची गर्दी असेल तरीही काही अळ्या थांबतात. आणि औषध पाजून मोठे जंत मारले की जागा मोकळी झाल्याचं जणू कळून त्यातल्या काही वाढीला लागतात. ‘औषध पाजून महिना नाही झाला तोच पुन्हा जंत,’ या तक्रारीमागे दरवेळी औषधाचा दोष नसतो. थबकलेल्या अळ्यांवर सगळी औषधं सारखी लागू पडत नाहीत, हेही त्यात आलंच.

आतापर्यंत एका मेंढीच्या पोटाबद्दल बोललो. कळपाकडे पाहिलं की चित्र पालटतं. जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. थोड्या मेंढ्यांच्या पोटात खूप आणि बाकीच्यांच्या पोटात थोडे, असं वाटप जवळपास प्रत्येक जातीच्या जंतात आणि प्रत्येक जातीच्या जनावरात आढळतं. ढोबळमानाने पाचातल्या एका मेंढीच्या पोटात कळपातल्या पाचातले चार जंत. क्रॉफ्टन या शास्त्रज्ञाने १९७१ साली या विषम वाटपालाच परजीवीपणाच्या व्याख्येत बसवलं. रॉय अँडरसन आणि रॉबर्ट मे यांनी १९७८ साली गणिताने दाखवलं की हेच विषम वाटप जंत आणि जनावर दोघांचीही संख्या स्थिर ठेवायला मदत करतं. मांडणी समजायला सोपी आहे. सगळ्यात जास्त जंत भरलेली मेंढी मरते तेव्हा ती एकटी मरत नाही, कळपातल्या जंतांचा मोठा वाटा तिच्याबरोबर जातो. जंतांची गर्दीही त्याच मोजक्या पोटांत झालेली असल्याने तिथेच ते खुजे राहतात, तिथेच अंडी आटतात. सगळ्या मेंढ्यांमध्ये जंत समान वाटलेले असते, तर हे दोन्ही लगाम सैल पडले असते.

हे माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय कसं चालतं हे पाहायचं तर स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिकमधल्या सेंट किल्डा बेटांवर जावं लागतं. तिथल्या हिर्टा बेटावरची माणसं १९३० साली कायमची हलवली गेली, आणि १९३२ साली शेजारच्या सोए बेटावरच्या १०७ मेंढ्या तिथे आणून सोडल्या. त्यानंतर त्यांना ना मेंढपाळ, ना लांडगा, ना औषध. १९८५ पासून शास्त्रज्ञ त्यांच्यावर सतत नजर ठेवून आहेत. कळप वाढत जातो, चारा अपुरा पडतो, आणि एखाद्या कडक हिवाळ्यात निम्म्याहून अधिक मेंढ्या मरतात. काही मेंढ्यांना जंतांचं औषध देऊन पाहिलं तर त्या हिवाळ्यात जास्त तगल्या. म्हणजे उपासमार आणि जंत मिळून मारतात, एकट्याने क्वचित. २०१० साली या बेटावरून आलेली एक गोष्ट मला विशेष वाटते. ज्या मेंढ्यांच्या रक्तात प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त होतं, त्या कडक हिवाळ्यांतून वाचल्या, पण त्यांना पिल्लं कमी झाली. जंतांशी लढायला प्रथिनं आणि ऊर्जा लागते, ती कुठून तरी काढावी लागते. सगळ्याच मेंढ्या जंतांना दाद न देणाऱ्या का झाल्या नाहीत, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

हीच ओढाताण आपल्याकडच्या प्रत्येक व्यालेल्या मेंढीत दिसते. विण्याच्या आसपास आणि दूध चालू असताना तिचा पहारा ढिला पडतो, थबकलेल्या अळ्या उठतात, लेंड्यांमधली अंडी एकदम वाढतात. नेमकी तेव्हाच कोकरं चरायला तोंड लावत असतात. आईच्या लेंड्यांतून पोराच्या पोटात, असा हा वारसा चालतो. या काळात मेंढीला प्रथिनयुक्त खुराक वाढवला तर अंड्यांची ही चढण बरीच कमी होते. पेंडीवरचा खर्च हा निम्मा जंतांवरचाच खर्च आहे, असं मी म्हणेन.

धनगरांच्या भटकंतीकडे या नजरेने फार कमी पाहिलं जातं. माण, खटाव, फलटणकडचे कळप दसरा-दिवाळीनंतर खाली उतरतात, शेतात मेंढ्या बसवत पुढे पुढे सरकतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरतात. एका शेतात मुक्काम काही रात्रींचा. तिथे पडलेल्या अंड्यांतून अळ्या तयार होऊन गवतावर चढेपर्यंत कळप पुढच्या गावी गेलेला असतो, आणि परत त्या शेतात येईपर्यंत अळ्यांची शिदोरी संपलेली असते. गावाजवळच्या एकाच गायरानावर वर्षभर चरणाऱ्या कळपाला हा फायदा मिळत नाही. भटकंतीला मागासपणा म्हणणाऱ्यांनी एकदा दोन्हीकडच्या लेंड्या मोजून पाहाव्यात.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळ्या बाजूने हात घातला. बंगालच्या सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगाने लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. ते जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणायचं म्हणून संस्थेने गरोळशी संकर केला. त्या संकरित कोकरांच्या लेंड्या तपासल्या तेव्हा दख्खनी आणि बन्नूर जातींच्या कोकरांपेक्षा त्यांच्यात जंतांची अंडी कमी निघाली. दलदलीच्या ओल्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या जंतांशी सामना करून तगलेली ती जात आहे. केनियातल्या तांबड्या मासाई मेंढीचीही हीच ख्याती. लेंड्यांतली अंडी मोजून, कमी अंडी असलेल्या नरांना पैदाशीसाठी ठेवणं हा मार्ग संथ आहे, पण तो चालतो.

औषधांचा मार्ग वेगवान होता, म्हणून जगाने तो धरला. थायाबेंडाझोल १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ सालीच त्याला न जुमानणारे हिमाँकस अमेरिकेत नोंदले गेले. आयव्हरमेक्टिनचीही गत १९८०चं दशक संपायच्या आत तीच झाली. कारण जंताच्या संख्येच्या हिशेबातच आहे. सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजलं की औषधाने मरणारे जंत संपतात आणि न मरणारे दोन-चार उरतात. त्यानंतर काही काळ कुरणावर पडणारं प्रत्येक अंडं त्यांचंच. गर्दी नसल्याने त्या माद्या पूर्ण वाढतात आणि भरपूर अंडी घालतात. आपण लगाम घातला असं वाटतं, प्रत्यक्षात मेंढीने इतके महिने घातलेला लगाम आपणच सोडलेला असतो.

म्हणून दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी १९९०च्या दशकात एक साधी पद्धत काढली. फाफा मलान यांच्या नावावरून तिला फामाचा म्हणतात. मेंढीच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाच रंगांच्या तक्त्याशी जुळवायचा. लालभडक असेल तर एक, पांढरीफटक असेल तर पाच. चार-पाच क्रमांकाच्या मेंढीला औषध, तीन असेल तर विचार करून, एक-दोनला नाही. जंत थोड्याच मेंढ्यांत एकवटलेले असल्याने या पद्धतीत औषध थोड्यांनाच लागतं, आणि बाकीच्या मेंढ्यांच्या पोटातले, औषधाला अजून बळी पडणारे जंत जिवंत राहतात. जंत जिवंत ठेवण्यासाठी औषध टाळायचं, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण तेच जंत पुढच्या वर्षी औषध लागू पडेल याची हमी असतात. तक्ता फक्त रक्तपित्या जंतासाठी आहे, पर्णकृमीने किंवा उपासमारीने पांढरी पडलेली पापणीही तशीच दिसते, तेव्हा डोकं वापरूनच.

ऑस्ट्रेलियात २०१४ साली या जंतावर लसही बाजारात आली. स्कॉटलंडच्या मोरडन संस्थेत ती विकसित झाली. जंताच्या आतड्यातली प्रथिनं मेंढीला टोचतात, तिच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, आणि जंत रक्त पितो तेव्हा ती त्याच्या आतड्यावर हल्ला करतात. ही लस सगळे जंत मारत नाही. ती अंडी कमी करते, आणि तेवढंही कळपासाठी पुरेसं ठरतं.

आपल्याकडे या घडीला करता येण्यासारखं एक काम फार स्वस्त आहे. पावसाळ्यात सगळ्या कळपाला औषध पाजण्याआधी दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून जवळच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत न्या. चार ग्रॅम लेंड्या मिठाच्या घट्ट द्रावणात कालवून, गाळून, मॅकमास्टर काचेवर ठेवल्या की अंडी वर तरंगतात, मोजलेल्या अंड्यांना पन्नासने गुणलं की ग्रॅममागे अंडी कळतात. औषध पाजल्यावर दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हा तपासा. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील, तर ते औषध तुमच्या कळपात नीट चालत नाही. दुसऱ्या गटातलं औषध पशुवैद्याला विचारून घ्या, आणि तेही पांढऱ्या पापणीच्या मेंढ्यांनाच पाजा.